नववा महिना भरू द्यायचा नाही

धाड
ता. १२ सप्टेंबर १९६७

तीर्थरूप बाबांच्या चरणी,

अन्नपूर्णाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडील सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही.

मला पाचवा महिना लागला आहे. तुम्हाला कळवलं नाही, कारण दोन वेळा मी आनंदाने कळवलं आणि दोन्ही वेळा तुम्ही देऊळघाटाहून आलात ते माती द्यायला. पहिला पोटातच गेला. एवढा मोठा, गुटगुटीत, की बघायला आलेल्या बाया म्हणत होत्या, झोपलाच आहे जणू. दुसरा सकाळी रडला आणि दिवेलागणीपर्यंत टिकला. तोही तसाच अंगाने भरलेला. या खेपेला म्हणूनच तोंड मिटून बसले होते. शेजारच्या बायांनाही आत्ता आत्ता कळलं.

पण बाबा, या वेळी मला फार तहान लागते. कळशी जवळ घेऊन बसते तरी घसा कोरडाच. आणि सारखं बाहेर जावं लागतं. हे बापाला लिहिताना लाज वाटते, पण आई असती तर तिला विचारलं असतं. आमच्या न्हाणीमागे मी बसते तिथे मुंग्यांची रांग लागते. दुसऱ्या कोणाच्या जागी नाही, माझ्याच. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. कोणीतरी काहीतरी केलंय, दोन लेकरं खाल्ली आता तिसऱ्यावर टपलंय, असं म्हणून त्या एका माणसाकडून अंगारा आणायला निघाल्या. हे शाळेतून आले नि एकदम भडकले. दीक्षा घेतली तेव्हा हे सगळं सोडून दिलं ना, मग पुन्हा त्याच खड्ड्यात काऊन जाता, असं आईला म्हणाले. तेव्हापासून मायलेक एकमेकांशी बोलत नाहीत आणि मी दोघांना जेवायला वाढते.

मला अंगारा नको आहे. पण मला भीती वाटते. तुम्ही काही सांगाल तर सांगा.

आपली मुलगी, आपल्या दोन ओळींची वाट पाहणारी,
अन्नपूर्णा


देऊळघाट
ता. १६ सप्टेंबर १९६७

चि. सौ. अन्नपूर्णा हिस बापाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, ठेवलं, मेथीला पाणी दिलं आणि परत वाचलं. माझ्याकडे लाज धरू नको. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होती. तुझी वेणी मी घातली, तुझं बाकीचं पण मीच पाहीन.

आता मुंग्यांचं ऐक. आमच्या पलटणीत एक सुभेदार साहेब होते. त्यांच्या मागे पण अशीच रांग लागायची. जवान लोक हसत. मग पलटणीचा डॉक्टर म्हणाला की हसू नका, याच्या लघवीतून साखर जाते, मुंग्या साखरेवर येतात. त्या आजाराला मधुमेह म्हणतात. कोणी केलेलं काही नसतं. विहीणबाईंना हे माझ्या नावाने वाचून दाखव. मुंगीला करणी कळत नाही, साखर कळते.

आणखी एक. तुझ्या जन्मानंतर तुझ्या आईला पण अशीच तहान होती. पुढे पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरलीच नाही. तेव्हा आम्हाला कोणी सांगणारं नव्हतं. तुला आहे.

सोमवारी पंजाबरावांना रजा काढायला लाव आणि सकाळच्या गाडीने दोघं बुलढाण्याला या. मी स्टँडवर उभा राहतो. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहेत. आत तुम्ही जा, मी बाहेर झाडाखाली बसेन, काही विचारणार नाही. फक्त ये.

तुझा हितचिंतक बाप,
कचरू


धाड
ता. २७ सप्टेंबर १९६७

तीर्थरूप बाबांस,

सविनय जयभीम. वि. वि. तुम्ही खरंच काही विचारलं नाहीत, शेंगदाण्याची पुडी हातात दिलीत आणि गाडीत बसवून दिलंत. म्हणून सगळं इथे लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. मी तो रंग बघतच राहिले. त्या म्हणाल्या, निळं राहिलं तर साखर नाही, लाल म्हणजे फार. तुम्ही म्हणालात तेच.

मी विचारलं, माझी लेकरं का गेली. त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, आईच्या रक्तातली जास्तीची साखर नाळेतून लेकराला जाते. लेकरू त्यावर फुगतं, आपल्याला वाटतं बाळसं धरलंय. आतून ते थकत जातं. शेवटच्या महिन्यात एखाद्या दिवशी त्याचा जीव पुरत नाही. कोणाकोणाला ही साखर गर्भारपणातच येते आणि बाळंतपण झालं की जाते, कोणाची तशीच राहते. माझं कुठलं ते नंतर कळेल. आत्ता ती आवरली तर हे लेकरू वाचू शकतं. 'वाचेल' म्हणाल्या नाहीत, 'वाचू शकतं' म्हणाल्या. मी तो शब्द घरापर्यंत तोंडात धरून आणला.

आता साखर, गूळ, केळी, सीताफळ बंद. भात चार घास. भाकरी त्या सांगतील तेवढीच, पण थोडं थोडं दिवसातून पाच वेळा खायचं, उपाशी राहायचं नाही. पालेभाजी, डाळ, ताक, शेंगदाणे चालतात. जेवण झालं की फिरायचं. नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा घरी दिला आहे, रोज रंग बघायचा. आणि सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिनची सुई. शिवाय नववा महिना भरू द्यायचा नाही. त्याआधीच दवाखान्यात दाखल करून मोकळं करणार.

सुई ह्यांनी द्यायची ठरली होती. सगळ्या शाळेला छडीने धाक दाखवणारे मास्तर, सुई हातात धरली तर त्यांचाच हात लटलट कापतो. म्हणून मलाच टोचून घ्यावी लागते. मांडीत. रोज वाटतं आज जमणार नाही. औषधाची बाटली ह्यांनी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली आहे.

आत्याबाई रोज पदराला डोळे पुसतात. गर्भारणीला भाकर मोजून वाढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं म्हणतात. त्या वाईट नाहीत, बाबा. त्यांनी माझ्यासाठी डिंकाचे लाडू करून डब्यात ठेवले होते. ते आता ह्यांच्या शाळेतली पोरं खातात.

मला भूक फार लागते. एवढंच.

आशीर्वादाची गरज असलेली,
अन्नपूर्णा


देऊळघाट
ता. २ ऑक्टोबर १९६७

चि. सौ. अन्नपूर्णा हिस आशीर्वाद.

धाडच्या गाडीत कंडक्टरजवळ मेथी, अंबाडी, दोडके आणि कारली दिली आहेत. कारली विहीणबाईंना आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्यांना सांग की मुद्दाम पाठवली नाहीत.

सुईबद्दल. पलटणीत नवीन कंपाउंडर वांग्यावर शिकत. मी पण इथल्या कंपाउंडरकडून जुनी सुई मागून आणली आणि वांग्यावर करून पाहिली. चामडी चिमटीत धर, सुई एकदम घाल, हळू घालशील तर जास्त दुखेल. चौथ्या वांग्याला मला जमलं. भाजी नंतर मी खाल्ली, अजून जिवंत आहे.

दुसरं. मला रोज फिकीर लागते, पण बाप लेकीला रोज हे कसं विचारणार? म्हणून तू कार्डावर फक्त रंग लिहून पाठव. पोस्टमनने वाचलं तरी त्याला काय समजणार? भुकेचं मला वाईट वाटतं. त्यावर मजजवळ इलाज नाही. भुकेला शत्रू समजू नको, पहारेकरी समज.

तुझ्या पत्रावर डोळे लावून बसलेला,
तुझा बाप


(कार्ड)
धाड, ११ ऑक्टोबर
ती. बाबांस जयभीम. पिवळा.

(कार्ड)
धाड, १९ ऑक्टोबर
ती. बाबांस जयभीम. हिरवा. कारली आत्याबाईंनी खाल्ली, पण तुमचं नाव घेऊन घेऊन खाल्ली.

(कार्ड)
धाड, २८ ऑक्टोबर
ती. बाबांस जयभीम. सकाळी निळा. लेकरू आता चांगलं ढुशा देतं.


धाड
ता. २१ नोव्हेंबर १९६७

तीर्थरूप बाबांस,

सविनय जयभीम. वि. वि. बरेच दिवस कार्ड नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. पाठवण्यासारखा रंग नव्हता.

दिवाळीच्या सुमारास आमच्या गल्लीत मोतीराम पाटलांचे म्हातारे वडील गेले. मी सकाळची सुई टोचून घेतली होती, तवा चुलीवर होता. तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. मयत उठेपर्यंत गल्लीत चूल पेटवायची नाही, म्हणून आत्याबाईंनी विस्तव विझवला. मीही काही बोलले नाही. माणूस गेलेल्या घरासमोर मला खायला द्या, असं कसं म्हणू? थोड्या वेळाने दरदरून घाम आला, हातपाय थरथरायला लागले, समोरची माणसं दोन दोन दिसायला लागली आणि मी उंबऱ्यात पडले. आत्याबाईंनी धावत येऊन माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. ह्यांनी त्यांना तसं सांगून ठेवलं होतं की काय, ते मला माहीत नाही. पण गूळ विरघळला आणि मी डोळे उघडले.

त्या दिवसापासून आत्याबाईंच्या मनाने घेतलं आहे की सुईने मारलं आणि गुळाने वाचवलं. आणि बाबा, माझ्याही मनाने तेच घेतलं. मी सुई हातात घेतलेली नाही. हे समजावून थकले, रागावले, एकदा माझ्यासमोर रडले. मी सुई धरते आणि तो उंबरा आठवतो. मी पडले तर लेकरूही पडेल असं वाटतं. आत्याबाई ताटात गुळाची भाकर वाढतात. मी भुकेली असते, खाते.

रंग विटेसारखा लाल आहे. काल मी नळी उकळलीच नाही.

परवापासून लेकरू पूर्वीसारखं हलत नाही. दुपारी मी जमिनीवर पडून पोटाला हात लावून वाट बघते. बराच वेळ काही नाही, मग एखादी हळू ढुशी. पहिल्याच्या वेळी असंच झालं होतं. मला सगळं परत तसंच दिसतं आहे, तेच दिवस, त्याच बाया. सुई घेतली तरी मरण, नाही घेतली तरी मरण. मी काय करू ते मला कळत नाही. हे पत्र ह्यांना न दाखवता टाकते आहे.

तुमची,
अन्नपूर्णा


देऊळघाट
ता. २४ नोव्हेंबर १९६७

श्रीमती जनकाबाई, विहीणबाई यांस कचरूचा सविनय जयभीम.

पत्र जावईबापूंकडून वाचून घ्यावे. पुरुषाने विहिणीला थेट लिहावं अशी रीत नाही, माफी असावी.

अन्नपूर्णाचं पत्र आलं. मी लगोलग बुलढाण्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या की त्या दिवशी सासूने गूळ घातला नसता तर पोरगी आणि पोटातलं दोन्ही गेलं असतं. तुम्ही माझ्या पोरीचा जीव वाचवला. हे उपकार मी विसरणार नाही.

पण त्यांनी दुसरंही सांगितलं. दोष सुईचा नव्हता. सुई घेतल्यावर पोट रिकामं राहिलं, त्याचा होता. सुई घेतली की लगेच खायचं. गूळ त्या पडण्याच्या घटकेपुरता औषध आहे. रोजच्या ताटात तोच गूळ लेकराला आतून मारतो. विहीणबाई, दोन वेळा त्यानेच मारलं. तुमच्या मायेने नाही, माहीत नसल्याने. माझी बायको पण माहीत नसल्यानेच गेली.

माझी विनंती अशी की अन्नपूर्णाला माझ्याकडे पाठवा. देऊळघाटाहून दवाखाना जवळ आहे. माझ्या घरात बाईमाणूस नाही, लोक नावं ठेवतील, ते मला ठाऊक आहे. पण मला स्वयंपाक येतो, पलटणीत शिकलो. सुई मी देईन. माझा हात कापत नाही.

मी आजवर कोणापुढे हात पसरला नाही. तुमच्यापुढे पसरतो.

आपला नम्र,
कचरू


धाड
ता. २६ नोव्हेंबर १९६७

इवाईबुवांना जनकाबाईचा जयभीम. (आई सांगते तसंच उतरवतो आहे. पंजाबराव.)

तुमची चिठ्ठी पोरानं वाचली. मंग मले एकटीले बसू द्या म्हनून म्या त्याले बाहीर काढलं. तुम्ही मले दोष देला नाई. देला असता तं बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

म्या तिले उपाशी कशी ठेवू, हेच माह्या जिवाले लागलं होतं. माह्या टायमाले मले कोनी पोटभर देलं नाई, म्हनून म्या सुनेले देऊन राह्यली होती. आता तुम्ही म्हनता तेच जहर झालं. दोन नातू म्या या हातानं शेवटची आंघोय घालून मातीत देले. तिसऱ्यालेबी तशीच घालाची असंल, तं हे हात कायले ठेवाचे?

पोरगी तुमच्याकडं येईल. पन एकटी येनार नाई. म्याबी येते. इहीन इवायाच्या घरी जाऊन राह्यली म्हनून गाव बोलंल. बोलू द्या. भाकर म्या टाकीन, डॉक्टरीनबाई सांगंल तेवढीच टाकीन. सुई तुम्ही द्या. सुई देली की मले आवाज द्या, म्या ताट घेऊन उभी राहीन. मयत झाली तरी चूल इझवनार नाई, माही झाली तरी.

चुलीपाशी तुम्ही याचं नाई. पलटनीचा सैपाक पलटनीले करा. आन कारली आनू नका.

पंजाबराव इथं शायेसाठी राहील. परवाच्या गाडीनं आमी दोघी येतो.

तुमची इहीन,
जनकाबाई


बुलढाणा, दवाखान्याच्या ओसरीवरून
ता. ४ जानेवारी १९६८

चि. पंजाबराव यांस आशीर्वाद.

तार मिळाली असेल. सरकारने तुम्हाला ट्रेनिंगसाठी अकोल्याला नेमकं याच महिन्यात बोलवावं, याला इलाज नाही. तारेत लिहिता आलं नाही ते इथे लिहितो. लिहितो म्हणजे हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून.

मागचे सगळे आठवडे चांगले गेले. तुमच्या आईने एक दिवस भाकरी जास्त टाकली नाही, एक दिवस वेळ चुकवली नाही. पोरगी रडली, मागितलं, तरी दिलं नाही. मग स्वतः मागच्या दारी जाऊन रडल्या, मी पाहिलं. रंग निळा नाही तर हिरवा. लेकरू हलत होतं. मला वाटलं आपण जिंकलो.

आज सकाळी तपासायला आलो तर पायावर सूज, पोटात पाणी फार, आणि डॉक्टरीणबाई नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, ठोके मंद आहेत. आता थांबलं तर पहिल्या दोघांसारखं होऊ शकतं. आत्ता काढलं तर छाती कच्ची असू शकते, श्वास धरेल की नाही सांगता येत नाही. दोन्हीकडे धोका आहे, पण माझं मत काढावं असं आहे. आणि पोट फाडूनच काढावं लागेल.

नवऱ्याची सही पाहिजे होती. तुम्ही पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. सही मी केली. मी लढाई पाहिली आहे, पण असा हात जड कधी झाला नव्हता. जे होईल त्याचा जाब तुम्ही मला विचारा. तिला नाही, तुमच्या आईला नाही.

आत नेताना अन्नपूर्णाने मला एकच विचारलं, लेकरू आत्ता हलतंय का, हात लावून पाहा. मी आजवर तिच्या पोटाला हात लावला नव्हता. लावला. काही कळलं नाही. मी म्हटलं, हलतंय.

दार बंद आहे. तुमच्या आई भिंतीला पाठ लावून बसल्या आहेत, पाणीसुद्धा घेत नाहीत. आतून आवाज येत नाही. पत्र बंद करतो. जे असेल ते तारेने कळवेन.

कचरू


बुलढाणा दवाखाना
ता. १३ जानेवारी १९६८

तीर्थस्वरूप स्वारीच्या सेवेशी,

अन्नपूर्णाचा सविनय जयभीम. वि. वि. तुम्ही तार मिळताच आलात, एक दिवस थांबलात आणि परत गेलात. परीक्षा बुडवू नका असं मीच म्हणाले, पण तुम्ही दाराशी वळून आपल्या लेकीकडे ज्या नजरेने पाहिलंत ती मला कळली. पुन्हा दिसेल की नाही, असंच तुमच्या मनात होतं. माझ्याही होतं. म्हणून बसता येऊ लागल्याबरोबर हे लिहिते आहे.

तुम्ही गेलात त्याच दुपारी तिचं थरथरणं वाढलं. ओठ निळे, रडणं मांजरीच्या पिलासारखं, हातपाय एकदम ताठ व्हायचे. मी टाके दाबून धरून बघत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पोटात असताना तिला माझी जास्तीची साखर मिळायची, म्हणून तिचं शरीर साखर जाळायला शिकलं आहे. नाळ कापली, साखर थांबली, पण तिचं शरीर अजून जाळतंच आहे. त्यामुळे तिची साखर फार खाली गेली. आत्ता तिला साखरच द्यायला हवी. त्यांनी तिच्या नाळेच्या शिरेतून ग्लुकोज दिलं. थरथर कमी झाल्यावर म्हणाल्या, आता साखरेचं पाणी थेंब थेंब चमच्याने सतत पाजत राहा, श्वासात जाऊ देऊ नका.

मला उठता येत नव्हतं. बाबांचे हात, तुम्हाला सांगते, तेव्हा कापत होते. आत्याबाई पुढे झाल्या. पण चमचा हातात घेऊन त्या थांबल्या. नर्सबाईंना विचारलं, साखरच ना? त्या हो म्हणाल्या. परत विचारलं, डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या ना? मग डॉक्टरीणबाईंना बोलावून आणायला लावलं आणि त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच तिच्या ओठाला पहिला थेंब लावला. पुढे कितीतरी वेळ त्या तशाच बसून होत्या, मान खाली, एका थेंबाकडून दुसऱ्या थेंबाकडे. बाबा बाजूला वाटी धरून होते.

थरथर थांबली. ओठांचा रंग आला. दुसऱ्या दिवशी तिने माझं दूध ओढलं. अजून श्वास थोडा भरभर चालतो, पण डॉक्टरीणबाई म्हणतात की धोका टळला. आठ पौंडांच्या वर आहे तुमची लेक. नाक तुमचं आहे, त्याला आता इलाज नाही.

माझी सुई बंद केली आहे. रंग निळाच राहतो. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की ही साखर गेली असली तरी वाट विसरलेली नाही. दर वर्षी तपासायचं, चालायचं, अंगावर वजन घ्यायचं नाही. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच महिन्यात यायचं. ते पुन्हाचं मी अजून मनात आणलेलं नाही. खरं सांगायचं तर कालपर्यंत मी उद्याचंही मनात आणत नव्हते. ती झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरते. आत्याबाई म्हणतात, झोपू दे तिले. आणि मी बोट काढलं की स्वतः धरतात.

आज नर्सबाई कागद घेऊन आल्या आणि विचारलं, मुलीचं नाव काय लिहू? बाबा खिडकीबाहेर बघायला लागले, आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मला तेव्हा कळलं की आम्ही कोणीच तिला अजून कशानेही हाक मारलेली नाही. पहिल्याला नाव नव्हतं, दुसऱ्यालाही नव्हतं. ठेवायची वेळच आली नाही. नर्सबाईंना मी म्हटलं, तिचे वडील मास्तर आहेत, ते सांगतील, ती जागा रिकामी ठेवा.

तेव्हा परीक्षा संपली की सरळ इकडेच या. दुसरं काही आणू नका. नाव आणा.

तुमची वाट पाहणारी, या वेळी न घाबरता,
अन्नपूर्णा